वृत्तनिवेदकाच्या खुर्चीचा हक्क

अमेरिकेत टेलिव्हिजन हे सरकारी खात्याचे अंग कधीच नव्हते. आपल्याकडे १९७६ पर्यंत टेलिव्हिजन आकाशवाणीच्या दप्तराचाच एक भाग होते आणि त्यानंतरही दीर्घ काळ ते शासनाच्या अखत्यारीत राहिले; अमेरिकेने मात्र १९३४ च्या कायद्यान्वये निराळी व्यवस्था पत्करली. प्रक्षेपणाच्या लहरींवर कोणाचीही खाजगी मालकी असणार नाही, परंतु त्या वापरण्याचा परवाना खाजगी मालकाला, तोही एका नेमून दिलेल्या शहरासाठी आणि ठराविक मुदतीसाठी देण्यात येईल, आणि त्या बदल्यात मालकाने सार्वजनिक हित, सोय व गरज यांना जपले पाहिजे, असे त्या व्यवस्थेचे सूत्र होते. १९४८ पासून थांबविलेले नव्या परवान्यांचे वाटप १९५२ साली पुन्हा सुरू झाले आणि दहा-बारा वर्षांत अमेरिकेतील बहुतेक मध्यम शहरांतून दोन-तीन केंद्रे उभी राहिली. नाटके, गाणी-बजावणी आणि राष्ट्रीय बातम्या ही सामग्री न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या जाळ्यांकडून येई. पण आपल्या गावची महापालिका, आपल्या गावची आग, आपल्या गावचा पूर आणि आपल्या गावची निवडणूक यांची खबर देणे हे त्या त्या केंद्राचे स्वतःचे काम असे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दाखविण्यासाठी हे काम मालकाच्या उपयोगी पडे. जमीनधारकाने सारा भरावा, तशा भावनेने मालकवर्ग बातम्या देत असे. त्यांतून काही मिळकत व्हावी अशी अपेक्षा फारशी कोणी ठेवली नव्हती.

त्या आरंभीच्या काळातील वृत्तनिवेदक बहुधा रेडिओवरून आलेला असे. पंधरा मिनिटांचा अवधी, मागे एखादा नकाशा, हातात वृत्तसंस्थेच्या यंत्रावरून फाडून घेतलेले कागद आणि आवाजात एक प्रकारचे गांभीर्य, एवढ्या भांडवलावर त्याचे काम चाले. त्याच्या रूपाची चौकशी कोणी करीत नसे. क्लीव्हलंड शहरातील डब्ल्यूईडब्ल्यूएस हे केंद्र १९४७ च्या डिसेंबरात सुरू झाले, तेव्हा डोरोथी फुल्डहाइम नावाची एक चोपन्न वर्षांची स्त्री तेथे बातम्या व भाष्य सांगण्यासाठी रुजू झाली. राज्यकर्त्यांच्या मुलाखती घेणारी, स्वतःची मते निःसंकोचपणे मांडणारी ही बाई १९८४ च्या जुलै महिन्यात पक्षाघाताचा झटका येईपर्यंत, म्हणजे वयाची नव्वदी उलटून गेल्यावरही, त्याच केंद्रावर काम करीत होती. वृद्ध स्त्रीच्या तोंडून बातम्या ऐकणे अमेरिकन प्रेक्षकाला मुळातच रुचत नाही, असा सिद्धांत पुढे ज्यांनी मांडला, त्यांना क्लीव्हलंडचा हा सदतीस वर्षांचा दाखला निरुत्तर करणारा होता. परंतु तो त्यांनी कधी विचारात घेतला नाही, आणि त्याचे कारण बातम्यांच्या अर्थव्यवहारात झालेल्या एका पालटात आहे.

हा पालट साठीच्या दशकात झाला. लॉस एंजेलिसच्या केएनएक्सटी केंद्राने १९६१ साली जेरी डन्फी या पांढऱ्याशुभ्र केसांच्या निवेदकाला प्रमुखपद देऊन स्थानिक बातम्यांचा एक मोठा, विस्तृत कार्यक्रम सुरू केला आणि तो विलक्षण लोकप्रिय झाला. १९६३ च्या सप्टेंबरात तीनपैकी दोन राष्ट्रीय जाळ्यांनी आपल्या बातम्या पंधरा मिनिटांवरून अर्ध्या तासावर नेल्या, तेव्हा त्यांच्या मागेपुढे स्थानिक बातम्याही वाढल्या. आणि मग केंद्रांच्या हिशेबनीसांच्या ध्यानात आले की, जाळ्याकडून येणाऱ्या नाटकाच्या वेळेत जाहिरातींचे थोडेसेच क्षण आपल्या वाट्याला येतात, पण स्थानिक बातम्यांच्या अर्ध्या तासातील जाहिरातीचा प्रत्येक क्षण संपूर्णतः आपला असतो. जो भार म्हणून पत्करला होता, तोच केंद्राच्या उत्पन्नाचा सर्वांत खात्रीचा स्रोत ठरला. ज्या दिवशी हे उमगले, त्या दिवसापासून निवेदकाच्या खुर्चीकडे पाहण्याची मालकाची दृष्टी बदलली. कारण तीन केंद्रांवर त्याच गावच्या त्याच बातम्या एकाच वेळी लागत असताना प्रेक्षक कोणाकडे वळेल, हे बातमीपेक्षा ती सांगणाऱ्या माणसावरच पुष्कळसे अवलंबून होते.

फिलाडेल्फियाच्या केवायडब्ल्यू केंद्रातील ॲल प्रिमो या तरुण वृत्तसंपादकाने या परिस्थितीचा सर्वांत कल्पक उपयोग केला. कामगार संघटनेशी झालेला करार वाचीत असता त्याला असे आढळले की, वार्ताहराने स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून आपली बातमी सांगितली, तर त्याबद्दल त्याला वेगळा मेहनताना द्यावा लागत नाही. तोपर्यंत वार्ताहर बातमी आणी आणि निवेदक ती वाची. प्रिमोने वार्ताहरांनाच पडद्यावर आणले, घटनास्थळी उभे केले, मग स्टुडिओत निवेदकाशेजारी बसविले आणि दोघांत संवाद घडविला. १९६८ साली तो न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी केंद्रात गेला. तेथे रॉजर ग्रिम्सबी आणि १९७० पासून बिल ब्यूटेल यांच्या जोडीभोवती त्याने निरनिराळ्या वंशांच्या व वस्त्यांच्या वार्ताहरांचा एक परिवार उभा केला, एका चित्रपटातील धावते संगीत उचलून ते बातम्यांच्या प्रारंभी लावले आणि मागे पडलेल्या त्या केंद्राला वर आणले. या पद्धतीची निंदा पुष्कळ झाली आहे; पण तिने ज्यांना पूर्वी पडद्यावर जागाच नव्हती अशा अनेकांना जागा दिली, हेही तितकेच खरे आहे आणि ते नोंदविल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल.

शिकागोमध्ये त्याच वर्षी एक वेगळी घटना घडली. फेही फ्लिन हा डब्ल्यूबीबीएम केंद्राचा दीर्घ काळचा लाडका निवेदक. गळ्याशी फुलपाखरी बो-टाय बांधून बातम्या सांगण्याची त्याची शैली शहराच्या अंगवळणी पडली होती. नव्या व्यवस्थापनाला हा बो-टाय आवडेना. दोन्ही पक्षांचे मतभेद वाढले आणि १९६८ मध्ये फ्लिन ते केंद्र सोडून प्रतिस्पर्धी डब्ल्यूएलएसमध्ये गेला. तेथे जोएल डेली याच्या जोडीने, बातम्यांच्या मध्यंतरी हलक्याफुलक्या गप्पा मारीत, त्याने त्या मागासलेल्या केंद्राला प्रेक्षक मिळवून दिले आणि १९८३ मध्ये मरण येईपर्यंत तेथेच काम केले. या प्रकरणापासून व्यवस्थापकांनी दोन धडे घेतले. निवेदक गेला तर प्रेक्षकही त्याच्याबरोबर जातो, हा एक. आणि म्हणून कोणता निवेदक ठेवावा व कोणता घालवावा हा निर्णय वृत्तसंपादकाच्या मर्जीवर सोडण्याजोगा नाही, हा दुसरा. या दुसऱ्या धड्यातून सल्लागारांचा व्यवसाय फोफावला.

सल्लागारसंस्था त्यापूर्वीही होत्या. समाजमानसशास्त्राचा अध्यापक असलेल्या फ्रँक मॅगिड याने १९५७ साली आयोवा राज्यात आपली संस्था काढली होती. मॅक्ह्यू व हॉफमन यांची संस्था १९६२ ची. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील शेकडो केंद्रे अशा संस्थांची गिऱ्हाइके झाली. सल्लागाराची कार्यपद्धती अशी की, गावातील काही कुटुंबांना घरी जाऊन किंवा दूरध्वनीवरून प्रश्न विचारावयाचे, काही निवडक रहिवाशांना एका खोलीत बसवून चित्रफिती दाखवावयाच्या, आणि कोणता निवेदक विश्वासार्ह वाटतो, कोणाचा आवाज आवडतो, कोणाचे केस, कोणाचा पोशाख खटकतो, याचा तक्ता करून तो व्यवस्थापकाच्या पुढे ठेवावयाचा. बातमी लहान असावी, चित्रे अधिक असावीत, राजकारण थोडे असावे, निवेदकांनी एकमेकांकडे पाहून बोलावे, अशा शिफारशी त्याच्या जोडीला येत. सल्लागाराला बातमीतले काही कळत नसे असे म्हणणे बरोबर नाही. त्यांतील काहीजण अत्यंत बुद्धिमान होते आणि लोकांना काय हवे ते विचारून घेणे ही गोष्ट मुळात गैर नाही. दोष होता तो अधिकाराच्या वाटणीत. ज्याच्यावर बातमीच्या खरेपणाची जबाबदारी नव्हती, त्याच्या अहवालावरून बातमी कोणी सांगावी हे ठरू लागले.

या निर्णयांना एक कालक्रमही होता. फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या चार महिन्यांत गावोगावच्या निवडक घरांतून पाहिलेल्या कार्यक्रमांच्या नोंदवह्या भरून घेतल्या जात, त्यांवरून प्रत्येक केंद्राची प्रेक्षकसंख्या निश्चित होई आणि त्या आकड्यांवर पुढील कित्येक महिन्यांचे जाहिरातीचे दर ठरत. निवेदकाचा करार साधारणतः दोन-तीन वर्षांचा असे. मुदत भरत आली की हे आकडे आणि सल्लागाराचा अहवाल पुढे ठेवून फेरविचार होई, आणि जो टिकला नाही त्याला कित्येकदा प्रेक्षकांचा निरोप घेण्याचीही संधी न देता दूर केले जाई. कालपर्यंत रोज संध्याकाळी घरात येणारा माणूस आज दिसत नाही आणि त्याचे नावही कोणी काढीत नाही, असा अनुभव अमेरिकेतील कोट्यवधी कुटुंबांना आला. १९७५ साली केएनएक्सटीने खुद्द जेरी डन्फीला बडतर्फ केले. तो प्रतिस्पर्धी केएबीसीत गेला, लॉस एंजेलिसचे प्रेक्षक त्याच्यामागे गेले, आणि केएनएक्सटीच्या बातम्यांना पुढील अनेक वर्षे आपले पूर्वीचे स्थान परत मिळविता आले नाही. म्हणजे सल्लागारांचे शास्त्र त्यांच्या स्वतःच्या निकषावरही नेहमी खरे ठरत नव्हते.

येथपर्यंतच्या कहाणीत बहुतांशी गोरे पुरुष आहेत आणि त्यांचे नुकसान फार तर पगाराचे व मानाचे आहे. एका दाराने गेलेला मनुष्य दुसऱ्या दाराने आत येत होता. ज्यांच्यासाठी मुळात एकच दार होते आणि तेही नुकतेच किलकिले झालेले, त्यांची स्थिती वेगळी होती. मॅक्स रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय तरुण १९५९ साली व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्समथ येथे बातम्या वाचावयास लागला, तेव्हा केंद्राच्या बोधचिन्हाची एक पाटी पडद्यावर असे आणि तिच्याआडून त्याचा केवळ आवाज ऐकू येई. एका रात्री त्याने ती पाटी दूर करविली आणि प्रेक्षकांना बातम्या वाचणाऱ्याचा चेहरा दिसला. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, हाच रॉबिन्सन राजधानी वॉशिंग्टनमध्ये डब्ल्यूटीओपी केंद्राचा निवेदक झाला आणि १९७८ मध्ये एबीसीच्या राष्ट्रीय बातम्यांच्या तीन निवेदकांपैकी एक. न्यूयॉर्कमध्ये, प्रिमोच्या त्याच गाजलेल्या परिवारात, मेल्बा टॉलिव्हर ही कृष्णवर्णीय वार्ताहर होती. १९७१ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कन्येच्या विवाहाचे वृत्त देण्यासाठी ती गेली, ती आपले केस कृत्रिम रीतीने सरळ न करता नैसर्गिक कुरळेपणातच ठेवून. केंद्राने तिला केस बदलण्यास अथवा झाकण्यास सांगितले. तिने नकार दिला. काही काळ तिला स्टुडिओत पडद्यावर येऊ देण्यात आले नाही, आणि वृत्तपत्रांतून बोभाटा होऊन प्रेक्षकांची पत्रे आल्यावरच केंद्राने माघार घेतली. त्या वेळी प्रेक्षकांनी दाखविलेली समज व्यवस्थापकांपेक्षा पुष्कळ पुढची होती, ही गोष्ट मला या सबंध इतिहासात फार महत्त्वाची वाटते.

दहा वर्षांनंतर मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी शहरात जे घडले, त्यात मात्र प्रेक्षकांचेच नाव पुढे करण्यात आले.

क्रिस्टीन क्राफ्ट ही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाढलेली, सागराच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा छंद असलेली स्त्री. हवामानाचा वृत्तान्त सांगण्यापासून आरंभ करून ती स्थानिक केंद्रांतून वर चढत गेली होती. मध्यंतरी न्यूयॉर्कला सीबीएसच्या क्रीडाविभागात तिला काम मिळाले, तेव्हा तेथील लोकांनी तिचे केस फिकट सोनेरी करून, चेहऱ्यावर रंगरंगोटी करून तिला एक नवीच स्त्री बनविण्याचा प्रयत्न केला, आणि त्या अनुभवाने ती इतकी विटली की, पुन्हा असे होऊ द्यावयाचे नाही असा तिने निश्चय केला. सँटा बार्बारा येथील केंद्रात ती काम करीत असताना, १९८० च्या अखेरीस कॅन्सस सिटीच्या केएमबीसी केंद्राने तिला निवेदिकेची जागा देऊ केली. हे केंद्र त्या वेळी मेट्रोमीडिया या कंपनीच्या मालकीचे होते. आपले रूपांतर करून घेण्यास आपण तयार नाही, आपली किंमत वार्ताहर म्हणून असेल तरच बोलवा, असे आपण आधीच बजावले होते, असे तिने पुढे न्यायालयात शपथेवर सांगितले. ही अट मान्य असल्याचा भास निर्माण करून आपल्याला फसविण्यात आले, हा तिच्या फिर्यादीचा एक आधारस्तंभ होता.

१९८१ च्या जानेवारीत ती स्कॉट फेल्डमन या निवेदकाच्या शेजारी बसून बातम्या सांगू लागली. थोड्याच दिवसांत केंद्राने नेमलेल्या सल्लागारसंस्थेची माणसे आली. मेक-अप कसा करावा, कोणत्या गळ्याचा झगा व कोणते जाकीट चालेल, याच्या सूचना सुरू झाल्या. मेसीज या मोठ्या कापडदुकानातून कपडे आणविण्याची तजवीज झाली. आणि कोणत्या तारखेला कोणता पोशाख घालावयाचा याचे एक कोष्टकच तिच्या हाती देण्यात आले. शहरातील निवडक रहिवाशांच्या बैठका घेऊन तिच्याविषयी मते विचारण्यात आली आणि नंतर शेकडो लोकांना दूरध्वनी करून पाहणी झाली, जीमध्ये तिची तुलना प्रतिस्पर्धी केंद्रांवरील निवेदिकांशी करावयाची होती. अहवाल प्रतिकूल आला. केंद्राच्या बातम्यांची प्रेक्षकसंख्या त्या वसंत ऋतूत घटली नव्हती, उलट वाढली होती, असे तिच्या बाजूने पुढे मांडण्यात आले. पण अहवालाचे वजन आकड्यांपेक्षा अधिक पडले. १४ ऑगस्ट १९८१ रोजी वृत्तसंपादकाने तिला बोलावून घेतले आणि निवेदिकेच्या जागेवरून काढून वार्ताहर म्हणून ठेवण्याचा निर्णय कळविला. कारण विचारता तिला जे सांगण्यात आले ते तिच्या साक्षीप्रमाणे असे : तिचे वय फार झाले आहे, ती पुरेशी देखणी नाही, आणि पुरुषांपुढे ती पुरेसे नमते घेत नाही. त्या वेळी तिने अजून चाळिशी गाठली नव्हती. कमी दर्जाची जागा न स्वीकारता ती सँटा बार्बाराला परत गेली.

१९८३ च्या आरंभी तिने संघराज्य न्यायालयात दावा लावला. तिचे म्हणणे तीन प्रकारचे होते : १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध स्त्री म्हणून आपल्याला वेगळी वागणूक मिळाली, पुरुष निवेदकाच्या मानाने आपल्याला कमी वेतन देण्यात आले, आणि नेमणुकीच्या वेळी आपली फसवणूक झाली. जुलैच्या अखेरीस सुरू झालेल्या या खटल्याला देशभरचे वार्ताहर लोटले. जे व्यवहार आजवर व्यवस्थापकांच्या बंद खोल्यांत चालत, ते सर्व, सल्लागारांचे अहवाल, बैठकांच्या फिती, कपड्यांचे ते कोष्टक, पुराव्याच्या रूपाने सर्वांसमोर आले. ८ ऑगस्ट १९८३ रोजी सहा जणांच्या ज्यूरीने एकमताने क्राफ्टच्या बाजूने कौल दिला आणि एकंदर पाच लाख डॉलर्सची भरपाई मंजूर केली. स्त्री-पुरुष भेदभावाच्या मुद्द्यावरही ज्यूरीचे मत तिच्याच बाजूचे होते. परंतु त्या कायद्याखालच्या दाव्यात तेव्हा ज्यूरीचे मत केवळ सल्ल्यापुरते असे आणि निर्णय न्यायाधीशाचा असे.

न्यायाधीश जोसेफ स्टीव्हन्स यांनी ऑक्टोबर अखेरीस तो कौल रद्द केला. त्यांचे तर्कशास्त्र येथे नीट सांगणे अवश्य आहे, कारण त्याची थट्टा करणे सोपे असले तरी ते निर्बुद्ध नव्हते. टेलिव्हिजनच्या धंद्यात बाह्य स्वरूपाला महत्त्व असणारच. केंद्राने पुरुष निवेदकांनाही वजन, केस, कपडे यांबद्दल सूचना दिल्या होत्या. क्राफ्टला पोशाख व प्रसाधन यांची समज सरासरीहून कमी असल्याने तिच्या बाबतीत अधिक लक्ष घालावे लागले. आणि केंद्राचे मापदंड स्त्री-पुरुष दोघांनाही वाजवी रीतीने लागू केले गेले. सबब कायद्याने ज्याला भेदभाव म्हणतात तो येथे सिद्ध होत नाही. फसवणुकीच्या मुद्द्यापुरता नवा खटला चालवावा, आणि कॅन्सस सिटीतील गवगव्यामुळे तो सुमारे दीडशे मैलांवरील जॉप्लिन गावी चालवावा, असा त्यांनी हुकूम केला. १९८४ च्या जानेवारीत जॉप्लिनच्या ज्यूरीनेही क्राफ्टलाच न्याय दिला व सव्वातीन लाख डॉलर्स मंजूर केले. निरनिराळ्या दोन गावांतील सामान्य नागरिकांच्या दोन पंचमंडळांनी तोच पुरावा पाहून तोच निष्कर्ष काढला. हे नागरिकही प्रेक्षकच होते, आणि पाहणीतल्यापेक्षा अधिक काळ, अधिक विचारपूर्वक, शपथ घेऊन त्यांनी या प्रश्नाकडे पाहिले होते.

तथापि २८ जून १९८५ रोजी अपील न्यायालयाने फसवणुकीचा पुरावा अपुरा ठरवून हाही कौल फिरविला आणि भेदभावाबद्दलचा स्टीव्हन्स यांचा निर्णय कायम केला. वेतनाचा मुद्दाही टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण घेण्यासाठी नऊपैकी चार न्यायमूर्तींची संमती लागते. ३ मार्च १९८६ रोजी न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ते ऐकावे असे मत फक्त न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी नोंदविले. त्या न्यायालयातील त्या एकमेव स्त्री न्यायमूर्ती होत्या.

या निकालाचा अर्थ काय झाला? माझ्या मते न्यायाधीशांची चूक भेदभावाची व्याख्या करण्यात झाली नाही, ती मोजमापात झाली. पुरुषाला टाय बदलण्याची एक सूचना आणि स्त्रीला तारीखवार पोशाखाचे कोष्टक, या दोहोंना एकाच तागडीत घालून दोन्ही बाजूंना मापदंड होता असे म्हणता येते, परंतु त्यामुळे ते समान होत नाहीत. कॅन्सस सिटीच्या पाहणीत स्त्रीची तुलना स्त्रियांशीच करून मग तिच्याविषयी प्रेक्षकांचे मत अनुकूल नाही असे ठरविण्यात आले. प्रश्नच जर स्त्रियांसाठी वेगळा असेल तर उत्तर समान मापाचे कसे असेल? वस्तुतः न्यायालयाने केंद्रांना असे सांगितले की, पूर्वग्रह तुमचा स्वतःचा असेल तर तो बेकायदा, पण तो तुम्ही पाहणी करून गावकऱ्यांच्या तोंडून वदवून घेतलात तर तो व्यवहार. वंशाच्या बाबतीत हा युक्तिवाद अमेरिकन न्यायालयांनी तोपर्यंत केव्हाच फेटाळला होता. गिऱ्हाइकांना कृष्णवर्णीय नोकर आवडत नाहीत, ही सबब कोणत्याही मालकाला चालत नव्हती.

निकालाची बाजू जरी मालकांची झाली तरी खटल्याचा परिणाम सर्वस्वी त्यांना हवा तसा झाला नाही. बैठकांच्या फिती न्यायालयात वाजविल्या जातात हे कळल्यावर सल्लागारांची भाषा सावध झाली. निवेदिकांच्या करारांतील कलमे वकिलांकडून तपासून घेण्याची चाल वाढली. क्राफ्ट स्वतः सॅक्रामेंटोच्या एका केंद्रात निवेदिका झाली, नंतर तेथील वृत्तविभागाची प्रमुख झाली. तिने आपली हकीकत ग्रंथरूपाने सांगितली, पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन वकिलीची सनद मिळविली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवरून ती दीर्घ काळ बोलत राहिली.

परंतु त्याच सुमारास जमिनीचा कसच बदलत होता. १९८१ मध्ये परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच करण्यात आली आणि १९८४ मध्ये बातम्यांना व सार्वजनिक विषयांना अमुक इतका वेळ द्यावा हे दंडकही सरकारने काढून घेतले. सार्वजनिक हिताचे जे कलम केंद्रांच्या बातम्यांचे मूळ होते, ते कागदावर राहिले. १९८६ सालीच डब्ल्यूएबीसीने अठरा वर्षे आपल्या पदरी असलेल्या रॉजर ग्रिम्सबीला काढून टाकले. ज्या पद्धतीने त्याला नाव दिले, तीच त्याच्यावर उलटली.

शिकागोत मात्र एकदा खुर्ची सोडण्याचा निर्णय निवेदकांनीच घेतला. १९९७ मध्ये डब्ल्यूएमएक्यू केंद्राने, प्रेक्षकांसमक्ष भांडणे लावण्याच्या कार्यक्रमाबद्दल प्रसिद्ध असलेल्या जेरी स्प्रिंगरला आपल्या बातम्यांत भाष्यकार म्हणून आणण्याचे ठरविले, तेव्हा तेथील निवेदिका कॅरल मॅरिन हिने राजीनामा दिला, आणि तिचा सहनिवेदक रॉन मेगर्स हाही तिच्यामागोमाग बाहेर पडला. स्प्रिंगर दोन भाष्यांनंतर निघून गेला आणि केंद्राचे प्रेक्षक घटले. २००० च्या फेब्रुवारीत फ्लिनच्या त्याच जुन्या डब्ल्यूबीबीएमने मॅरिनच्या हाती रात्री दहाच्या बातम्या एकटीच्या जबाबदारीवर सोपविल्या. गप्पागोष्टी नाहीत, लांब बातम्या, शहराच्या कारभाराची गंभीर चिकित्सा, असा तो प्रयोग होता आणि देशभरच्या पत्रकारांचे डोळे त्याकडे लागले होते. प्रेक्षक पुरेसे वाढले नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस केंद्राने तो बंद केला. नऊ महिन्यांत वाचनाची किंवा पाहण्याची सवय बदलत नाही, हे केंद्राला ठाऊक नसेल असे नाही. पण फेब्रुवारी, मे आणि जुलै हे तीन महिने मोजून झाले होते.

२०१९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क शहरातील एनवाय-१ या स्थानिक वृत्तवाहिनीतील पाच निवेदिकांनी, वय व स्त्रीत्व या कारणांवरून आपल्याला मागे सारून तरुणांना व पुरुषांना पुढे आणले जात असल्याचा दावा संघराज्य न्यायालयात दाखल केला. त्यांत रोमा टॉरे ही १९९२ मध्ये वाहिनी सुरू झाली तेव्हापासून पडद्यावर असलेली निवेदिका होती. कंपनीने आरोप नाकारले. २०२० च्या डिसेंबर अखेरीस, खटला ज्यूरीपुढे उभा राहण्यापूर्वीच, दोन्ही पक्षांत तडजोड झाली, आणि त्या तडजोडीबरोबर पाचही जणींनी वाहिनी सोडली.